चौथी कैची

मी लढाईवर गेलो होतो, हे खरं आहे. इंजिनियर लोकांच्या कंपनीत होतो, हेही खरं. आमच्या कंपनीनं नद्यांवर पूल बांधले, तेही खरं. सुटून रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी आल्यावर ही तीन खरी वाक्यं मी अशा बेतानं एकापाठोपाठ एक ठेवत असे, की चौथं खोटं वाक्य ऐकणाऱ्यानं आपल्या मनानंच तयार करावं. मी स्वतः खोटं बोलत नव्हतो. मी नुसता गप्प बसून मिशीवरून हात फिरवत होतो.

खरी गोष्ट अशी, की मी पुलाच्या सुट्या भागांवर आकडे रंगवत असे. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात कुंचला. एक लोखंडी पट्टी आली की तिच्यावर सात, तिला जोडायची दुसरी आली की तिच्यावरही सात. सात साताला भिडला की पूल उभा राहतो, एवढंच माझं इंजिनियरिंग. प्रत्यक्ष पूल उभा राहत असे तेव्हा मी पुष्कळ मैल मागे एका तंबूत डबा ढवळत बसलेला असे. पाण्यावर उभा असलेला आमचा पूल मी फक्त एकदा पाहिला, तोही लॉरीच्या मागच्या फळीवरून, डुलक्या घेता घेता.

पण येताना मी तीन वस्तू आणल्या होत्या. खाकी अर्धी चड्डी, घडीची फूटपट्टी आणि एक पाणसळ. लाकडी दांडीत बसवलेली काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. या बुडबुड्यानं माझं डोकं फिरवलं. गावात कुणाची चौकट बसायची असली, कुणाचा ओटा घालायचा असला, की मला बोलावणं येई. मी पाणसळ ठेवायचो, एक डोळा मिटायचो आणि ‘हं’ म्हणायचो. त्या ‘हं’वर गवंडी आपलं काम उकलून पुन्हा करायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते मी त्या दिवसांत अंगाला चोळून घेतलं होतं.

माघ महिन्यात आमच्याकडे बांगड्या विकायला येणारे चाचा आले. ते रहिमतपूरपासून खाली पलूसपर्यंत गावोगाव फिरत आणि बायकांचे निरोपही पोचवत. आईच्या हातात बांगड्या चढवता चढवता ते मला म्हणाले, “तुमच्या भनीचा सांगावा हाय. दादाला म्हनावं, एकडाव येऊन छप्पर बगून जा. छप्पर वाजतंय म्हनं.”

माझी ही धाकटी बहीण आदल्या वैशाखात पलूसकडच्या एका गावी दिली होती. नवरा पलटणीत. लग्नानंतर महिन्याभरात त्याची रजा संपली, आणि लढाई संपली तरी त्याच्या पलटणीला अजून मलायातच ठेवून घेतलं होतं. घरात सासरे, सासूबाई आणि ही. सासरे ऊस आणि हळद पिकवणारे, ताठ मानेचे. मुलाच्या लग्नाआधीच त्यांनी नवं घर बांधलं होतं, मंगलोरी कौलांचं. त्या गावात तेव्हा बहुतेक घरांवर मातीचं धाबं. कौलाचं घर म्हणजे लांबून बोटानं दाखवायची गोष्ट.

निरोप ऐकून मी छाती फुगवली. बहिणीनं छप्पर बघायला का बोलावलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. माझ्यासारखा माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाला बोलवायचं, एवढंच मला वाटलं.

रेल्वेनं उतरून, बैलगाडी धरून मी पोचलो तेव्हा बारा वाजले असतील. सासरे दारातच उभे होते. “या, या पाव्हणं! आमचं इंजनेर आलं.” मी तो शब्द दुरुस्त केला नाही. उलट पाणसळ दुसऱ्या हातात घेतली, म्हणजे सगळ्यांना दिसावी. स्वयंपाकघरातून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता. त्या वासाचाही माझ्या त्या दिवसाच्या कामात मोठा वाटा आहे.

बहिणीनं शिडी धरली आणि मी माळ्यावर चढलो. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत घराच्या सबंध लांबीचा तो माळा होता. खाली फळ्या, फळ्यांवर हळदीची पोती, कांद्याची रास, आणि डोक्यावर छपराचा सांगाडा. अशा छपराला कैच्या लागतात. कैची म्हणजे दोन तिरपे वासे वर आढ्यापाशी एकमेकांना टेकवायचे आणि त्यांचे पाय खाली आडव्या तुळईच्या दोन टोकांत बसवायचे. वाशाच्या टोकाला जीभ, तुळईला खाच, आणि दोन्हींतून आरपार बाभळीची खुंटी. लढाईपायी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मिळेनासे झाले होते, तेव्हा इथं सगळा भार खुंट्यांवर होता. अशा एकूण चार कैच्या होत्या; माळ्याच्या फळ्या तुळयांच्या मधे बसवलेल्या, म्हणून तुळयांची खालची बाजू खालच्या खोल्यांतूनही दिसे. पहिली सोप्यावर, चौथी पार आत, स्वयंपाकघराच्या डोक्यावर.

पहिली कैची मी डॉक्टरनं पेशंटची पाठ ठोकावी तशी ठोकली. ठाक ठाक. मला त्यातलं काही कळलं नाही, पण खाली आवाज गेला याचं समाधान वाटलं. तुळईवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या कैचीवर ठेवली, मधोमध. तुळई सपाट आहे एवढंच बुडबुड्याला कळतं, सांध्याच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. तिसऱ्या कैचीपाशी पोत्यावरून पलीकडे जाताना माझी खाकी चड्डी मागच्या बाजूला टर्रकन फाटली. आणि तिथून मी पाहिलं, चौथ्या कैचीच्या बेचक्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. चांगलं ताटाएवढं.

मी तिथंच थांबलो. चौथी कैची लांबून पाहिली. लांबून ती पहिल्या तिघींसारखीच दिसत होती.

एक हात मागे धरून मी शिडी उतरलो. बहिणीनं हळू आवाजात विचारलं, “दादा, चारी बगितल्यास?”

“व्हय तर,” मी म्हणालो.

लढाईवरून आल्यापासून उघड बोललेलं ते माझं पहिलं खोटं. फाटलेल्या चड्डीच्या लाजेनं ते आलं म्हणावं, तर लाज मला आधीपासूनच असायला हवी होती.

जेवणाच्या पानावर बसल्यावर सासऱ्यांनी विचारलं, “मग पाव्हणं? काय दिसलं?” मी घास गिळला आणि कंपनीतल्या साहेबाच्या आवाजात निकाल दिला. “लोड बरोबर हाय. जॉइंट फिट हाईत. शंभर वरसं ह्या छपराला धक्का न्हाई. बिनघोर ऱ्हावा.”

सासूबाई आतल्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. बोलण्यापेक्षा बघण्यावरच घर चालवणारी बाई. त्या म्हणाल्या, “म्हंजी लाकडात दोष न्हाई म्हना की.”

“औषदाला सुदिक न्हाई.”

त्यांनी फक्त माझ्या बहिणीकडे पाहिलं. ती माझ्या पानात भाकरी वाढत होती, तिचा हात मध्येच थांबला. ते मी बघितलं. भावाचा अभिमान वाटून पोरीला भरून आलं असेल, असं मी समजलो आणि अजून थोडा रस्सा मागितला.

चारच्या सुमारास मी निघालो, कारण गाडी गाठायची होती. छप्पर वाजत असे ते दिवेलागणीला, कौलं निवू लागली की. म्हणजे पेशंट खोकायच्या आधीच डॉक्टर घरी निघून गेला होता. बहीण वेशीपर्यंत पोचवायला आली. काहीतरी बोलेल असं तिच्या तोंडाकडे पाहून वाटत होतं, पण मीच बोलत होतो. मलायाच्या नद्या कशा रुंद असतात ते तिला सांगत होतो. मी मलायाला कधी गेलो नव्हतो.

तीन आठवड्यांनी बांगडीवाले चाचा पुन्हा आले. या खेपेला त्यांनी पेटी उघडली नाही. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि वडिलांकडे बघून म्हणाले, “पाटील, पोरीला न्यायला या म्हनून सांगितलंय. घर शांत हुईस्तवर म्हायेरी ऱ्हाऊ द्या म्हन्त्यात.”

वडिलांनी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. नव्या सुनेच्या पायगुणानं घर रडतंय, असं सासूबाईंच्या मनानं घेतलं होतं. पावसाळाभर आवाज नव्हता, पण दिवाळीनंतर सुरू झाला तो वाढतच गेला. त्यात मलायाहून मुलाचं पत्र दोन महिने नाही. पोरगं तिकडं आणि इकडं रोज तिन्हीसांजेला घर कण्हतंय. आईच्या जिवानं धास्ती घेतली. सून पांढऱ्या पायाची, असं आधी शेजारच्या बायका म्हणाल्या, मग सासूबाईही म्हणू लागल्या. माझी बहीण एकटी म्हणत होती, “आत्याबाई, लाकूड वाजतंय वो. माजा भाऊ इंजनेर हाय. त्यो बगू द्या. त्यो सांगंल त्ये खरं.”

आणि त्यानं येऊन कोंबडी खाऊन सांगितलं, की लाकडात दोष नाही. औषधाला सुद्धा नाही.

चाचा गेल्यावर वडील बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सासू काय, परकी बाई. माज्या लेकीला भावानंच बाहीर काढली.” त्या दिवशी ते माझ्याशी एवढंच बोलले. मी मिशीवरून हात फिरवायला गेलो आणि निम्म्यावरूनच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. पाणसळ घेतली नाही. धोतर नेसलो होतो.

संध्याकाळी पोचलो तर बहिणीची पत्र्याची पेटी सोप्यात भिंतीला लावून ठेवलेली. सासऱ्यांनी “या” म्हटलं, पण ‘इंजनेर’ म्हटलं नाही. सासूबाईंनी गुळपाणी आणून ठेवलं. बहीण दिसली, पण तिनं डोळे वर केले नाहीत. दिवा लागला आणि तेवढ्यात तो आवाज झाला.

आधी एक बारीक ‘कर्र’. मग थोडं थांबून एक लांबलचक कण्हणं, म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं तसं. स्वयंपाकघराच्या डोक्यावरून. सासूबाईंनी हात जोडले. माझी बहीण हातात तांब्या घेऊन जिथल्या तिथं उभी राहिली, एखाद्यानं चोरी करताना धरावं तशी. एवढ्या दिवसांत ती रोज या वेळेला अशीच उभी राहत असणार.

मी म्हणालो, “मामा, सकाळी मी आनि एकडाव वर जातो.”

“आता काय बगायचं ऱ्हायलंय?” सासरे म्हणाले. “तुमीच सांगून गेलासा की, ठनठनीत हाय.”

“तरीबी बगतो.”

“बगा. आन मग घिऊन जावा.”

सकाळी मी गोवरी पेटवून परातीत घेतली आणि वर गेलो. धुरानं गांधीलमाश्या उठल्या. त्यांच्यापैकी एकीनं जाता जाता माझ्या कानावर न्याय केला. कान कारल्याएवढा सुजला, पण ओरडायची सोय नव्हती. खोकत, पोत्यांवरून सरपटत मी चौथ्या कैचीला जाऊन भिडलो. लांबून दिसते त्यापेक्षा ती वेगळी होती. डाव्या वाशाचा पाय जिथं तुळईत बसतो, तिथल्या फटीत माझी तीन बोटं सहज गेली. जीभ खाचेत अर्धीच उतरलेली. खुंटी तिरकी. मोकळी जागा कपच्या आणि गोणपाटाच्या चिंध्या ठासून भरलेली. ऊन चढलं की लाकूड ताणायचं, निवलं की आखडायचं, आणि तेवढ्या वेळात तो वासा त्या चिंध्यांवर घासत इकडून तिकडे व्हायचा. घर रडत बिडत नव्हतं. घराचा पाय चपलेत बसत नव्हता.

पण असं झालं का? तिसरी कैची चाचपली. तिचीही तीच तऱ्हा, जरा कमी, वाशाचा पाय खाचेत कोंबून बसवलेला. पहिल्या दोन मात्र खरोखरच घट्ट. मी चौथीच्या तुळईवर अंग टेकून दम खाल्ला. तुळईचं वरचं अंग कुणाला दिसत नाही, तिथं बोटभर काजळी होती. माझा हात त्या काजळीतून घसरला आणि बोटांना काहीतरी लागलं. धोतराच्या सोग्याला थुंकी लावून पुसलं. पटाशीनं पाडलेल्या चार रेघा. एकाशेजारी एक, सरळ. मग वाशाच्या पायाच्या वरच्या बाजूनं हात घालून चाचपलं. एक, दोन, तीन. तिथं तीनच रेघा. तिसऱ्या कैचीकडे रांगत गेलो. तुळईवर तीन. तिच्या डाव्या वाशावर चार.

सबंध लढाईभर मी दुसरं काही केलं नव्हतं. सात साताला भिडवायचा. आणि इथं तीन चाराला भिडवला होता. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, इथं वासेच आधी फिरले होते. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. माळ्यावर कुणी बघायला नव्हतं, म्हणून दोन्ही थोडं थोडं करून घेतलं.

घर ज्या सुतारानं उभं केलं तो गावातलाच म्हातारा. मी खाली उतरून त्याला बोलावून आणला आणि सासऱ्यांना काही न सांगता वर नेला. त्यानं रेघांवरून बोट फिरवलं आणि मटकन पोत्यावर बसला.

“वरल्या अंगाला बी हुत्या व्हय खुना?” तो म्हणाला. “जुन्या काजळीखाली तवा दिसल्याच न्हाईत मला.”

“वरल्या अंगाला बी म्हंजे? आनि कुठं हुत्या?”

म्हाताऱ्यानं शिडीकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं. हे लाकूड नवं नव्हतं. कवठे महांकाळकडं एक जुनं गोदाम मोडलं, त्याचं छप्पर सासऱ्यांनी उतरवून आणलं होतं. नवा साग तेव्हा मिळतच नव्हता. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, जुनं मुरलेलं लाकूड चांगलंच. पण त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी अंगावर आधीच्या सुतारानं पाडलेल्या खुणा होत्या. पहिल्या कैचीच्या सगळ्या तुकड्यांना एक रेघ, दुसरीच्या दोन. खाली बसून वर पाहिलं की त्या रेघा दिसणार, आणि लाकूड दुसऱ्याच्या घरचं उतरलेलं आहे हे जाणत्याला कळणार.

“मालक म्हनलं, रंधा मारून काढ. मी म्हनलं, आवं आदी उभं करू, मग मारतो रंधा. तर म्हनलं, येळ न्हाई, बिस्तरवारी सोयरं घर बगाया येनार हाईत. तुकडं भुईवरच रंधलं, वर गेरू नि तेल लावलं. मग कुठला वासा कुठला, मापानं लावत बसलो. दोन बसलं. दोन ठोकून बसवलं.”

“कुठलं सोयरं?”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. “तुमीच की.”

तेव्हा मला आठवलं. मी रजेवर होतो. वडिलांबरोबर स्थळ बघायला मीही आलो होतो. सोप्यात बसलो असताना मी उठून, लाकडी माचोळीवर पाय ठेवून, वर हात केला, ती गुळगुळीत तांबूस तुळई कुरवाळली आणि सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “बर्मा टीक. एकदम नवा माल.” सासरे खाली बघून मिशीत हसले होते. मला वाटलं, त्यांना माझी पारख आवडली. घरी जाताना मी वडिलांना म्हणालो होतो, ज्या घराला बर्मा सागाच्या कैच्या आहेत तिथं पोरगी द्यायला हरकत नाही.

खाली जाऊन खरं सांगावं, तर सासऱ्यांची चारचौघांत गेलेली अब्रू ते माझ्या बहिणीच्या खात्यावर मांडणार. सुतारानं चुकीचं जोडलं म्हणावं, तर म्हाताऱ्याला गावात पुन्हा कुणी काम देणार नाही. तो आपणहून म्हणाला, “माज्यावर घाला पाव्हणं. माजं किती दीस ऱ्हायल्यात.” त्या बोलण्यानं मला जास्तच लाज वाटली. चूक ज्याची सगळ्यात कमी, तो पाठ पुढं करत होता.

आम्ही खाली आलो. सासरे सोप्यात, सासूबाई उंबऱ्यात, बहीण पेटीपाशी. मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा साहेबाचा आवाज आला असता.

“मामा, आत्याबाई, म्या खोटं बोललो हुतो. चौथी कैची म्या बगितलीच न्हवती. माश्यांच्या भ्यानं लांबनंच माघारी आलो. आनि म्या इंजनेर न्हाई. पलटनीत लोखंडावर आकडं रंगवायचं काम हुतं मला. छपरातलं मला काय कळत न्हाई. पर आकडं कळत्यात. तिसऱ्या कैचीचा वासा चौथीला लागलाय, आनि चौथीचा तिसरीला. त्यानं घर वाजतंय. दुसरं कायबी न्हाई.”

मला वाटलं होतं, सासरे हसतील. गेल्या सहा महिन्यांत मी केलेल्या सगळ्या ‘हं’ची भरपाई म्हणून मी त्या हसण्याची वाट बघत होतो. ते हसले नाहीत. सासूबाईंनी विचारलं, “कुनी लावला उलटा?”

सुतारानं खाली बघितलं. मी माझ्या सुजलेल्या कानाला हात लावला. सासरे पानाच्या चंचीचा बंद सोडत होते, तो त्यांना सुटेना. मग त्यांनी चंची तशीच बाजूला ठेवली.

“माज्या घाईनं झालं,” ते म्हणाले. आणि थोडं थांबून, बायकोकडे बघत, “सूनबाई घरात यायच्या आदीची गोष्ट हाय ती.”

एवढंच. गोदामाचा, रंध्याचा शब्द त्यांनी काढला नाही, आणि मीही मूग गिळून बसलो. आज इतक्या वर्षांनी लिहितोय, तेव्हा त्या सोप्यातलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी सुनेची माफी वगैरे मागितली नाही, तशी पद्धतच नव्हती. त्यांनी पत्र्याची पेटी एका कडीनं धरली आणि आत ओढू लागल्या. बहीण दुसरी कडी धरायला धावली.

पुढचे चार दिवस त्या दोन कैच्यांवरची कौलं उतरवून आम्ही वासे अदलाबदल केले. आम्ही म्हणजे सुतारानं. मी कौलं खाली देत होतो आणि त्यातली सात फोडली. तीन तीनाला भिडला, चार चाराला, नव्या बाभळीच्या खुंट्या ठोकल्या आणि वाशाचा पाय खाचेत उतरला तेव्हा ‘टप्’ असा एक बुटका आवाज झाला. तो ऐकायला सासरेही शिडीवर चढून आले होते. त्या संध्याकाळी आम्ही सगळे सोप्यात कान देऊन बसलो. दिवेलागणीला वरून एक बारीकशी ‘कर्र’ आलीच. पण सासूबाई वाती करता करता म्हणाल्या, “लाकूड हाय. जरा बोलनारच.” आठवड्यानं मलायाचं पत्रही आलं. टपालच कुठंतरी तुंबलं होतं.

निघायच्या सकाळी मी मागच्या अंगाला तोंड धुवायला गेलो, तर बहीण धुण्याच्या दगडावर बसून पायाच्या बोटांशी काहीतरी करत होती. जवळ जाऊन बघितलं. तिच्या दोन्ही पायांच्या जोडव्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, सुतळीनं करकचून बांधून, आणि त्या ती विळ्याच्या टोकानं सोडवत होती. चिंध्या मळून कातड्यासारख्या झाल्या होत्या. खाली बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती.

“ह्ये काय गं? लागलं व्हय?”

“न्हाई रं.” ती हसली. मग मी हलत नाही असं बघून, मान खाली घालूनच म्हणाली, “तू लाकडात कायबी दोष न्हाई म्हनून गेलास न्हवं, त्या दिशी बांदलं. म्हनलं, दादा सांगतोय म्हंजी खरं आसंल. माज्याच पायानं हुत आसंल, तर निदान पाय वाजायला तरी नकोत.”

तिनं दुसऱ्या पायाची सुतळी कापली, पाय पाण्यात धुतले आणि घागर उचलून आत गेली. फरशीवर तिची जोडवी वाजत गेली. मी त्या दगडाशी बसलो, आणि गाडीची वेळ झाली असं सासरे दोनदा येऊन सांगून गेले तरी मला उठवेना.